राज्यघटना आणि प्रशासकीय कायद्याचे प्राध्यापक व्हायचे असेल तर

एलएलएमच्या (कायद्यातल्या पदव्युत्तर पदवीच्या) वर्गात घटना शिकवायची हौस असलेले पुष्कळ भेटतात. प्रशासकीय कायदा, म्हणजे सरकारी यंत्रणेच्या अधिकारांवरचा कायदा, शिकवायचा म्हणणारा एखादाच. प्रत्यक्षात नव्या माणसाच्या वाट्याला आधी येतो तो प्रशासकीय कायदाच, कारण घटनेचे तास बहुधा ज्येष्ठांनी धरून ठेवलेले असतात. संशोधनातही तीच गत. घटनेच्या मूलभूत संरचनेवर (दुरुस्तीनेही मोडता न येणाऱ्या गाभ्यावर) इतके लिहून झाले आहे की नवे काही म्हणायला जागा शोधावी लागते. महापालिकेच्या नोटिसा, न्यायाधिकरणांचे आदेश, शासन निर्णय यांवर मात्र नीट बसून केलेले काम फार थोडे आहे. म्हणून दोन्ही विषय जोडीने धरा, पण भर प्रशासकीय बाजूवर ठेवा.

पात्रतेचे कागद

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीप्रमाणे सहायक प्राध्यापकपदाला पदव्युत्तर पदवीत ५५ टक्के गुण आणि नेट (राष्ट्रीय) किंवा सेट (राज्य) ही पात्रता परीक्षा लागते. अनुसूचित जाती-जमाती, नॉन-क्रीमीलेअर इतर मागासवर्ग आणि दिव्यांग उमेदवारांना ५० टक्के पुरतात. नेटच्या अर्जात ही टक्केवारी पूर्णांकात वाढवून धरत नाहीत, त्यामुळे ५४.९ म्हणजे ५५ नव्हे. विद्यापीठातल्या भरतीला पीएचडी सक्तीची होणार असे काही वर्षे गाजत होते. २०२३ मध्ये ती सक्ती उठली आणि नेट, सेट हीच किमान अट राहिली. विहित नियमांनुसार पीएचडी झाली असेल तर नेटमधून सूट मिळते.

एलएलएम एक वर्षाचे करावे की दोन वर्षांचे? राष्ट्रीय विधी विद्यापीठांतला एक वर्षाचा अभ्यासक्रम लवकर मोकळे करतो, पण तिथे श्वास घ्यायला फुरसत नसते. प्रबंधिकेचा विषय प्रवेशाच्या दिवशीच डोक्यात नसेल तर शेवटच्या दोन महिन्यांत जे हाती लागेल ते लिहून मोकळे व्हावे लागते. पुढे अध्यापनात जायचे असेल आणि घरची परिस्थिती परवानगी देत असेल, तर दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात वाचन जास्त होते. दुसऱ्या वर्षी शिकत असतानाच नेटला बसता येते. एलएलएम मात्र निकालानंतर दोन वर्षांच्या आत, आवश्यक टक्क्यांसह, पूर्ण झाले पाहिजे.

नेटमध्ये दोन पेपर मिळून १५० प्रश्न, ३०० गुण आणि तीन तास असतात. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नका. विधी विषयाचे दहा घटक आहेत. दुसरा घटक राज्यघटना व प्रशासकीय कायद्याचा, दहावा तौलनिक सार्वजनिक कायदा व शासनपद्धतींचा. आपल्या विषयाची मुले नेमकी इथे फसतात: या दोन घटकांवर सारी भिस्त ठेवतात आणि वाणिज्यिक कायदा, बौद्धिक संपदा, कौटुंबिक कायदा यांत गुण घालवतात. घटनेच्या प्रश्नांत तुम्ही इतरांपेक्षा चार गुण जास्त काढाल, बाहेर पंधरा गमवाल. आणि खुल्या गटाला ४० टक्के, राखीव गटांना ३५ टक्के ही फक्त उंबरठ्याची अट आहे. बसलेल्यांपैकी सुमारे सहा टक्केच पात्र ठरतात.

जेआरएफ (नेटमधून मिळणारी कनिष्ठ संशोधन फेलोशिप) मिळाली तर पहिली दोन वर्षे महिना ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये मिळतात. तिला वयाची अट आहे, ३० वर्षे. महिलांना आणि राखीव गटांना पाच वर्षांची सवलत. सहायक प्राध्यापकाच्या पात्रतेला मात्र वयाची वरची मर्यादा नाही. सेट राज्यापुरती असते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ ती महाराष्ट्र आणि गोव्यासाठी घेते. तिच्यावर फेलोशिप मिळत नाही, पण राज्यातल्या महाविद्यालयात नोकरीला ती पुरते.

वकिलीची सनद घेतली असेल तर हा भाग लक्षपूर्वक वाचा. पूर्णवेळ पगारी नोकरी करणाऱ्याला वकिली करता येत नाही. नेमणूक झाल्यावर सनद स्थगित करून घ्यावी लागते. मात्र वकिली चालू ठेवून अर्धवेळ कायदा शिकवता येतो. त्यासाठी १९७९ चे स्वतंत्र नियम आहेत आणि त्यांत मर्यादा दिवसाला तीन तासांची आहे. सुरुवातीला तासिका तत्त्वावर (दर तासाच्या मानधनावर) शिकवत कोर्टात जाणाऱ्यांची सोय याच नियमाने होते. सार्वजनिक कायद्याच्या शिक्षकाने दोन-तीन वर्षे रिट याचिकांच्या (सरकारी कृतीविरुद्ध उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयात केलेल्या अर्जांच्या) कामात घालवली तर ती वाया जात नाहीत. शपथपत्रात सरकार काय लिहिते आणि काय लपवते, हे पुस्तकात सापडत नाही.

निकालपत्र वाचण्याची शिस्त

या पेशात सगळ्यात जास्त वेळ निकालपत्रे वाचण्यात जातो, आणि सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात. पहिली चूक म्हणजे शीर्षटीप (निकालाच्या वर छापलेला सारांश) वाचून थांबणे. शीर्षटीप संपादकाची असते, न्यायालयाची नव्हे.

प्रत्येक महत्त्वाच्या निकालासाठी एका पानाचे टिपण करा. वर पीठ किती न्यायाधीशांचे, किती मतपत्रे (न्यायाधीशांनी वेगवेगळी लिहिलेली मते), कोण कोणाशी सहमत आणि शेवटचा आदेश काय, हे लिहा. मग तथ्ये चार-पाच ओळींत, मग न्यायालयाने स्वतःपुढे ठेवलेला प्रश्न, आणि त्यानंतरच कारणमीमांसा, परिच्छेद क्रमांकांसह. पान क्रमांकावर विसंबू नका, कारण एससीसी, एआयआर आणि एससीआर या निकालसंग्रहांची पाने वेगवेगळी पडतात.

हा क्रम का, ते खासगीपणाच्या हक्कावरच्या पुट्टस्वामी (२०१७) निकालावरून कळते. पीठ नऊ न्यायाधीशांचे आणि निकाल एकमताचा. पण मतपत्रे सहा आहेत. सर्रास उद्धृत होते ते सर्वात लांब मतपत्र चार न्यायाधीशांच्या वतीने लिहिलेले आहे. नवातले चार म्हणजे बहुमत नव्हे. सर्वांना बांधतो तो शेवटचा एकत्रित आदेश आणि सहाही मतांत जे समान आहे ते. ‘न्यायालय म्हणाले’ असे लिहून त्या लांब मतातले हवे ते वाक्य उचलणारे लेख ढिगाने सापडतील. नऊ न्यायाधीश कशाला लागले, हाही प्रश्न विद्यार्थ्याला पडला पाहिजे. वाटेत एम. पी. शर्मा (१९५४) हा खासगीपणाचा हक्क न मानणारा आठ जणांच्या पीठाचा निकाल आडवा होता, आणि त्याच्याहून लहान पीठाला तो रद्द करता आला नसता.

मूलभूत संरचनेचा सिद्धांत मांडणारा केशवानंद भारती निकाल (२४ एप्रिल १९७३) याहून अवघड. तेरा न्यायाधीश, अकरा मतपत्रे, सात विरुद्ध सहा. बहुमताच्या निष्कर्षांचा सारांश म्हणून जोडलेल्या निवेदनावर फक्त नऊ जणांच्या सह्या आहेत. सगळा निकाल सलग वाचायला घेऊ नका, अर्ध्यात सोडाल. आधी हे निवेदन, मग न्या. खन्नांचे मत पूर्ण, मग न्या. मॅथ्यू यांचे विरोधी मत, आणि बाकीची लागतील तशी.

वर्षाचा घोळ हा आणखी एक नेहमीचा. क्रैपक निकाल एप्रिल १९६९ मधला, पण एआयआरमध्ये तो १९७० च्या खंडात आहे. मोहिंदर सिंग गिल डिसेंबर १९७७ मधला आणि सगळीकडे १९७८ म्हणून ओळखला जातो. पत्रिकेत छापील खंडाचे वर्ष द्या. घटनाक्रम सांगताना निकालाची तारीख धरा. २०२३ पासून सर्वोच्च न्यायालय प्रत्येक निकालाला स्वतःचा तटस्थ (कोणत्याही छापील संग्रहावर न विसंबणारा) उद्धरण क्रमांक देते आणि अधिकृत एससीआर खंड ऑनलाइन फुकट आहेत, त्यामुळे आता महागड्या डेटाबेसवाचून अडत नाही.

तासाची तयारी

साठ मिनिटांच्या तासाला एकच निकाल नीट पुरतो. एका तासात सात निकालांची नावे घेणारा शिक्षक विद्यार्थ्यांना यादी देतो, कायदा देत नाही.

‘दुसऱ्याच्या सांगण्यावरून अधिकार वापरणे’ हा मुद्दा घ्या. यासाठी पोलीस आयुक्त, मुंबई विरुद्ध गोरधनदास भानजी (एआयआर १९५२ एससी १६) याच्याइतका सोपा निकाल नाही. अंधेरीला सिनेमागृह बांधायची परवानगी आयुक्तांनी जुलै १९४७ मध्ये दिली आणि सप्टेंबरमध्ये ती रद्द झाल्याचे पत्र पाठवले. पत्राची भाषा अशी की शासनाच्या निर्देशावरून आपणास कळवण्यात येते. पहिली दहा मिनिटे फक्त हे पत्र फळ्यावर ठेवा आणि विचारा: हा निर्णय कोणाचा? वर्ग दोन तट करील. मग नियम दाखवा, की परवानगी रद्द करण्याचा अधिकार आयुक्तांचा होता, सरकारचा नव्हे. त्यानंतर आयुक्तांचे नंतरचे म्हणणे आणा: निर्णय मीच स्वतः विचार करून घेतला. न्यायालयाने ते ऐकले नाही. सार्वजनिक आदेशाचा अर्थ आदेशाच्या शब्दांवरूनच लावायचा, अधिकाऱ्याने मागाहून दिलेल्या खुलाशावरून नाही. हाच धागा पुढे मोहिंदर सिंग गिलमध्ये येतो.

शेवटची पंधरा मिनिटे दाद या मुद्द्यासाठी, म्हणजे न्यायालयाने शेवटी काय दिले यासाठी, ठेवा, कारण विद्यार्थी तिथेच गडबडतात. अर्जदार जिंकला म्हणजे त्याला सिनेमागृह मिळाले, असे त्यांना वाटते. न्यायालयाने आयुक्तांना एवढेच सांगितले की परवानगी रद्द करण्याच्या मागण्यांचा विचार स्वतःच्या बुद्धीने करा आणि ठरवा. न्यायालय निर्णयाची पद्धत तपासते, अधिकाऱ्याच्या खुर्चीत बसत नाही. हा फरक एकदा पक्का झाला की वेडनसबरी (१९४८) कसोटी (कोणताही शहाणा अधिकारी घेणार नाही असा हा निर्णय आहे का) आणि प्रमाणबद्धता (हेतूच्या मानाने उपाय जास्त कडक आहे का) यांतले अंतर शिकवणे हलके जाते.

महाराष्ट्रात शिकवताना शासन निर्णयाला स्वतंत्र तास द्याच. विद्यार्थी जीआरला कायदा समजतात. खरे तर अनेक कार्यालयेही समजतात. अधिनियम, त्याखालचे नियम आणि मग अनुच्छेद १६२ खालच्या कार्यकारी सूचना, अशी उतरंड आहे. नियमांत पोकळी असेल तर सूचना ती भरू शकते, नियमाला छेद देऊ शकत नाही (संत राम शर्मा, १९६७). एखाद्या खऱ्या शासन निर्णयाची प्रत वर्गात वाटा आणि विचारा, याच्या संदर्भ रकान्यात कोणत्या कलमाचा उल्लेख आहे? बऱ्याचदा फक्त आधीच्या शासन निर्णयांचे क्रमांक असतात. तास तिथून पुढे आपोआप चालतो.

पीएचडीचा विषय

२०२२ च्या नियमांप्रमाणे पीएचडीला कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षे मिळतात, कोर्सवर्क धरून. पुनर्नोंदणीने आणखी दोन. कोर्सवर्क किमान १२ श्रेयांकांचे. प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगीला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चारच विद्यार्थी घेता येतात, म्हणून अर्ज करण्याआधी गाइडकडे जागा आहे का हे विचारून घ्या.

आराखडे फेटाळले जातात ते बहुतेक रुंदीमुळे. ‘भारतातील न्यायालयीन सक्रियता: एक चिकित्सक अभ्यास’ हा विषय नाही, तो पुस्तकांचा कप्पा आहे. त्याऐवजी असा विषय घ्या: दहा वर्षांच्या ठरावीक काळात मुंबई उच्च न्यायालयाने महापालिकांच्या पाडकाम नोटिसांविरुद्धच्या याचिकांत सुनावणीची अट कशी लावली आणि शेवटी कोणती दाद दिली. काळ, न्यायालय, अधिकारी आणि प्रश्न चारही ठरले. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खालची अपिले, किंवा न्यायाधिकरणांचे आदेश उच्च न्यायालयाच्या तपासणीखाली आणणाऱ्या एल. चंद्रकुमार (१९९७) निकालानंतर महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाच्या आदेशांचे उच्च न्यायालयात काय होते, हेही अशाच मापाचे विषय.

मग तक्ता आखा. रकाने: प्रकरण क्रमांक, तारीख, पीठ, कलम, नोटीस दिली का, किती दिवसांची, म्हणणे ऐकले का, आदेशात कारणे होती का, आणि दाद काय (आदेश रद्द, फेरविचारासाठी परत, याचिका फेटाळली). पहिले वीस निकाल भरून बघा. रकाने तेव्हा बदलतील. ते वीस निकालांनंतर बदलले तर बरे, दोनशेनंतर बदलले तर सगळे पहिल्यापासून.

यात दोन खड्डे नेहमीचे. छापील अहवालांत आलेलेच निकाल घेतले तर नमुना वाकडा होतो, कारण अहवालकार नवा मुद्दा असलेला निकाल निवडतो आणि रोजचे दोन पानी आदेश बाहेर राहतात. ते आदेश उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर मिळतात. मुंबई, नागपूर, औरंगाबाद अशी प्रत्येक पीठाची यादी वेगळी शोधावी लागते. दुसरा खड्डा शब्दांचा. ‘नैसर्गिक न्याय’ (निर्णयाआधी बाजू ऐकून घेण्याचे तत्त्व) एवढाच शब्द टाकून शोधले तर जिथे न्यायाधीशाने फक्त ‘संधी दिली नाही’ असे लिहिले ती प्रकरणे निसटतात. कलमाच्या क्रमांकाने शोधा, तो सहसा चुकत नाही.

न्यायालयात न पोहोचलेली कागदपत्रे हवी असतील तर माहितीचा अधिकार आहे. महाराष्ट्रात अर्जाला १० रुपये, एका अर्जात एकच विषय आणि तोही १५० शब्दांत. उत्तराची मुदत ३० दिवस, पहिले अपील ३० दिवसांत, दुसरे ९० दिवसांत. ‘असे का केले?’ विचाराल तर अर्ज परत येईल. ‘या कालावधीतील नोटिसांच्या प्रती व आवक-जावक नोंदवहीचा उतारा द्यावा’ असे मागा. अर्ज पहिल्या वर्षीच टाका. दुसऱ्या अपिलाला किती वेळ लागेल यावर तुमचा ताबा नाही.

घटनेच्या इतिहासावर काम असेल तर संविधान सभेच्या चर्चा मूळातून वाचाव्या लागतात: ९ डिसेंबर १९४६ ते २४ जानेवारी १९५०, बारा खंड. इथे हमखास ठेच लागते ती क्रमांकांची. चर्चा १९४८ च्या मसुद्यावर झाली आणि त्यातले अनुच्छेद आजच्या क्रमांकांचे नाहीत. आजचा १९ तिथे १३ आहे, २१ तिथे १५, ३२ तिथे २५ आणि ३६८ तिथे ३०४. अनुच्छेद ३२ ला घटनेचा आत्मा म्हणणारे डॉ. आंबेडकरांचे भाषण शोधायचे तर ९ डिसेंबर १९४८ ची, मसुदा अनुच्छेद २५ वरची चर्चा उघडा. आणि एका सदस्याचे वाक्य म्हणजे ‘घटनाकारांचा हेतू’ नव्हे. दुरुस्ती मंजूर झाली की फेटाळली, हे त्या दिवसाच्या कामकाजात पाहूनच लिहा.

प्रबंध सादर होण्यापूर्वी साम्य तपासणी होते. आयोगाच्या वाङ्मयचौर्याबाबतच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंत काही होत नाही. १० ते ४० ला सुधारून सहा महिन्यांच्या आत पुन्हा द्यावा लागतो. ४० ते ६० ला वर्षभर देता येत नाही. ६० च्या वर नोंदणीच रद्द. संदर्भासह दिलेली अवतरणे, ग्रंथसूची आणि कायद्याचा मजकूर यांना यातून वगळायचे असते. सॉफ्टवेअर ते स्वतःहून नेहमी वगळत नाही, आणि आपल्या विषयात कलमे आणि निकालांतले उतारे इतके असतात की आकडा फुगतो. अहवाल हाती आला की गाळण्या लावून पुन्हा काढायला सांगा. मात्र शीर्षटिपांची वाक्ये अवतरणचिन्हांशिवाय उचलली असतील तर कोणतीही गाळणी वाचवणार नाही.

लेख छापणे

आयोगाची केअर यादी (मान्य संशोधन नियतकालिकांची) २०२५ मध्ये बंद झाली. ‘यादीत आहे’ एवढ्यावर आता भागत नाही; नियतकालिकाचे संपादक मंडळ, समीक्षेची पद्धत आणि जुने अंक स्वतः तपासावे लागतात. पैसे घेऊन आठवड्यात स्वीकृती देणाऱ्यांपासून दूर राहा. पहिला लेख म्हणून ताज्या निकालावरची टिप्पणी सोयीची पडते. तीन हजार शब्द, एकच आक्षेप. निकालाचा सारांश एक पंचमांशाच्या वर गेला की परीक्षक कंटाळतो.

नोकरी आणि मुलाखत

नियमित सहायक प्राध्यापकाचे मूळ वेतन सातव्या आयोगानुसार ५७,७०० रुपयांपासून सुरू होते. पण विधी महाविद्यालयांत विनाअनुदानित पदे पुष्कळ आहेत, तेव्हा जाहिरातीत पद अनुदानित आहे का, बिंदुनामावली (आरक्षणाचा पदनिहाय तक्ता) तपासलेली आहे का, हे आधी बघा. तासिका तत्त्वावर शिकवत असाल तर नेमणूकपत्र, विद्यापीठाच्या मान्यतेचे पत्र आणि प्रत्यक्ष घेतलेल्या तासांचा दाखला दर सत्रअखेर हातात घ्या. प्राचार्य बदलले की जुने दाखले मिळवणे कर्मकठीण.

विद्यापीठातल्या पदांसाठी आयोगाच्या २०१८ च्या तक्त्यात पीएचडीला ३० गुण, जेआरएफसह नेटला ७, नुसत्या नेटला ५, सेटला ३. लेखाला प्रत्येकी २, कमाल १०. अनुभवाला वर्षाला २, कमाल १०. महाविद्यालयांचा तक्ता वेगळा आहे. हे गुण मुलाखतीला बोलावण्यापुरते असतात. राज्यागणिक आणि विद्यापीठागणिक यात भर पडते, म्हणून जाहिरात शेवटच्या ओळीपर्यंत वाचा.

मुलाखतीत तुमच्या प्रबंधाबाहेरचे प्रश्न जास्त येतात. जीवित व व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काचा गोपालन (१९५०) ते मनेका गांधी (१९७८) हा प्रवास पाच मिनिटांत सांगा. अनुच्छेद १२ खालचे ‘राज्य’ आणि २२६ खालच्या उच्च न्यायालयाच्या अधिकाराची व्याप्ती यांत फरक काय. न्यायाधिकरणांच्या आदेशाविरुद्ध आधी कुठे जायचे. नमुना तास घ्यायला सांगितला तर केशवानंद घेऊ नका. समितीतल्या प्रत्येकाचे त्यावर स्वतःचे मत असते. छोट्या तथ्यांचा प्रशासकीय निकाल घ्या, दहा मिनिटांत सुरुवात आणि शेवट दोन्ही बसतात.

नेमणूक झाल्यावर आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन अंगावर येते आणि महाविद्यालयात उपस्थिती ४० तासांची. शिवाय परीक्षा, प्रवेश, मूट कोर्ट (विद्यार्थ्यांचे सराव न्यायालय) आणि मूल्यांकनाच्या फायली नव्या माणसाकडेच येतात. पहिल्या वर्षी नवा लेख सुरू करू नका. प्रबंधातले एक प्रकरण कापून, तपासून पाठवा, आणि दुसऱ्या सत्रात घेतलेल्या तासांची टिपणे सुट्टी लागण्याआधी दुरुस्त करून ठेवा. पुढच्या जूनपर्यंत त्यातले अर्धे संदर्भ आठवणार नाहीत.